विश्लेषण : बॉल पायथन, इग्वानाचे घर... पेटी तयार घ्यावी की बनवून घ्यावी?

बॉल पायथन किंवा हिरवा इग्वाना पाळणारी हौशी मंडळी आता मुंबई-पुण्यात नवलाची राहिलेली नाहीत. प्राणी घरी येतो तो बहुतेकदा प्लास्टिकच्या डब्यातून. मग प्रश्न पडतो तो त्याला ठेवायचे कशात. दुकानदार माशांची काचेची टाकी दाखवतो, ऑनलाइन बाजारात आयात केलेले टेरॅरियम दिसते आणि घरातले कोणीतरी म्हणते, ‘आपला सुतार आहे ना, तो दोन दिवसांत करून देईल’. तिन्ही पर्यायांत पैसे जातात. पण चुकलेल्या पेटीची किंमत प्राणी मोजतो. पोटाखालची त्वचा भाजते, हाडे ठिसूळ होतात किंवा एखाद्या सकाळी पेटी रिकामीच सापडते.

आधी कायद्याचे काय?

लाकूड किंवा काच आणण्याआधी हा प्रश्न सुटलेला हवा. धामण, नाग, मांडूळ, घोरपड, भारतीय अजगर, चांदण्यांचे कासव हे सारे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहेत. त्यांच्यासाठी घरात कोणतीही पेटी चालत नाही, कितीही चांगली असली तरी. २०२२ च्या दुरुस्तीने दंडाची रक्कमही वाढली. सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, तर अनुसूची एकमधील प्राण्यांसाठी तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. घरात किंवा अंगणात साप निघाला तर वनविभागाला अथवा सर्पमित्राला कळवावे. ‘दोन दिवस ठेवून बघू’ हा विचारही करू नये.

परदेशी प्राण्यांचे नियम वेगळे आहेत. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटिस’ करारात नोंदलेल्या प्रजाती २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूची चारमध्ये आल्या. बॉल पायथन आणि हिरवा इग्वाना हे दोन्ही त्यात मोडतात. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंदणी केंद्राच्या ‘परिवेश २.०’ पोर्टलवर करावी लागते. ज्यांच्याकडे प्राणी आधीपासून होते त्यांना सहा महिन्यांची मुदत होती. नव्याने प्राणी घेणाऱ्याने तो ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत नोंदणी करायची असते. विक्रेत्याकडे कागदपत्रे नसतील तर व्यवहार तिथेच थांबवावा. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात दडवलेले अजगर आणि इग्वाना मुंबई विमानतळावर पकडले गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. बाजारात बिनकागदाचा प्राणी येतो तो याच वाटेने.

पेटीने नेमके काय करायचे असते?

सरपटणाऱ्या प्राण्यांना आपण शीतरक्ती म्हणतो. त्याचा अर्थ त्यांचे रक्त थंड असते असा नाही. शरीराची उष्णता ते स्वतः तयार करत नाहीत, बाहेरून घेतात. सकाळी उन्हात यायचे, पुरेसे तापले की सावलीत सरकायचे, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग असतो. म्हणून पेटीला एकच तापमान असून भागत नाही. एक बाजू गरम, दुसरी थंड आणि मध्ये हळूहळू उतरत जाणारे तापमान लागते. बॉल पायथनला गरम बाजूला सुमारे ३१ ते ३२ अंश सेल्सिअस आणि थंड बाजूला २५ ते २७ अंश हवे असतात. इग्वानाला ऊन खाण्याच्या फांदीवर ३५ ते ३८ अंश लागतात आणि हवेत भरपूर दमटपणाही लागतो.

हा उतार मिळायला पेटीला लांबी लागते. दोन फुटांच्या टाकीत एका टोकाला दिवा लावला की दुसरे टोकही तापते आणि प्राण्याला पळायला जागाच उरत नाही. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, दिवसभर उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत पडून राहणारा साप आहे. ‘त्याला एवढी जागा कशाला’ असे त्यामुळे अनेकांना वाटते. पण चार-साडेचार फुटांची पूर्ण वाढलेली मादी चार फूट लांब, दोन फूट खोल आणि दोन फूट उंच पेटीतच नीट पसरू शकते. पाळलेला बॉल पायथन २० ते ३० वर्षे जगतो. पेटीलाही तितकी वर्षे टिकायचे आहे, हे लक्षात घेऊनच हिशेब मांडावा.

माशांची टाकी का नको?

ती स्वस्त असते, कोपऱ्यावरच्या मत्स्यालयाच्या दुकानात मिळते आणि मापाप्रमाणेही करून मिळते. तरीही ती पाण्यासाठी बनवलेली वस्तू आहे. फक्त वरून उघडत असल्याने हात नेहमी वरून येतो. बिळात राहणाऱ्या सापाला तो शिकारी पक्ष्यासारखा वाटतो आणि साप सतत दबून राहतो. चारही बाजू पारदर्शक असल्याने लपल्याची भावना येत नाही. गरम हवा जाळीच्या झाकणातून निघून जाते, तळाशी मात्र हवा साचून राहते.

वजनाचाही प्रश्न आहे. पाच मिलिमीटर काचेचे वजन चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. चार बाय दोन बाय दोन फुटांच्या, वर जाळी असलेल्या टाकीला सुमारे ३२ चौरस फूट काच लागते, म्हणजे आत काही ठेवण्याआधीच ती ३७ किलोंची होते. पिल्लासाठी तात्पुरती म्हणून टाकी आणली जाते आणि मग ती तशीच राहते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

आयात केलेले तयार टेरॅरियम कितपत उपयोगी?

‘एक्झो टेरा’सारख्या कंपन्यांची पुढून उघडणारी काचेची टेरॅरियम विचारपूर्वक बनवलेली असतात. दारांना कुलूप, वायर आत घ्यायला बंद करता येणारी छिद्रे, दाराखाली हवेची पट्टी, वर बारीक जाळी असे सगळे त्यात असते. झाडावर राहणाऱ्या लहान पालींसाठी किंवा बेडकांसाठी ती उत्तमच. भारतात येईपर्यंत वाहतूक आणि आयात शुल्क जोडून किंमत चांगलीच चढते, हा भाग वेगळा. खरी अडचण मापाची आहे. या प्रकारातली सहज मिळणारी मोठी टेरॅरियम तीन फूट लांबीच्या आसपास थांबतात. वाढलेल्या बॉल पायथनला ती अपुरी पडतात आणि इग्वानासाठी तर विचारच करायला नको.

इग्वानाबाबत खरेदीदाराची फसगत ठरलेली आहे. दुकानात दिसते ते वीतभर लांबीचे, हिरवेगार पिल्लू. काही वर्षांतच शेपटीसह ते चार-पाच फुटांचे होते. त्याला सहा फूट उंच, साधारण तेवढीच लांब आणि तीन फूट खोल खोली लागते. पेटी हा शब्दच तिथे तोकडा पडतो. अशी वस्तू तयार मिळत नाही, ती बनवूनच घ्यावी लागते. फ्लॅटमध्ये एवढी भिंत मोकळी नसेल तर इग्वाना न घेणे हाच पर्याय उरतो.

तयार मालात आणखी एक वर्ग आहे तो देशातच लहान प्रमाणावर बनणाऱ्या पीव्हीसी फोम बोर्डच्या पेट्यांचा. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली आणि बाथरूमच्या दारांना सुतार वापरतात तोच हा बोर्ड. तो पाण्याने फुगत नाही, वाळवी लागत नाही आणि प्लायपेक्षा बराच हलका असतो. कोकण आणि मुंबईच्या हवेत याला तोड नाही. मात्र उष्णतेने तो मऊ पडतो. त्यामुळे हीटर आणि छत यांत पुरेसे अंतर ठेवले आहे की नाही हे घेण्यापूर्वी पाहावे.

सुताराकडून बनवायची तर लाकूड कोणते?

आठ बाय चार फुटांच्या एका प्लाय शीटमधून चार बाय दोन बाय दोन फुटांची अख्खी पेटी निघते. शीटचे चार बाय दोनचे चार तुकडे करायचे. त्यातले तीन म्हणजे तळ, छत आणि पाठ. चौथा मधोमध कापला की दोन बाय दोनच्या दोन बाजू मिळतात. पुढची बाजू सरकत्या काचेची. करवतीच्या पात्याची आणि प्लायच्या जाडीची वजावट धरता आतले माप दीड-दोन इंचांनी कमी भरते. सुतार हे जाणतोच, पण काचेचे माप पेटी जुळवून झाल्यावरच द्यावे. टफन काच एकदा भट्टीतून आली की ती कापता येत नाही.

प्लाय घेताना ‘कमर्शिअल’ नावाने मिळणारा साधा एमआर दर्जाचा माल टाळावा. दमट पेटीत तो एका पावसाळ्यात सुटतो. आयएस ७१० शिक्का असलेला मरीन प्लाय घ्यावा. १८ मिलिमीटर जाडीत शहर आणि ब्रँडनुसार तो साधारण १०० ते १५० रुपये चौरस फूट पडतो, म्हणजे एका शीटला ३,२०० ते ४,८०० रुपये. घरातले जुने टीव्ही कपाट किंवा शोकेस वापरायचा मोह होतो. ते पार्टिकल बोर्डचे असेल तर विसरावे. सापाच्या पाण्याच्या भांड्यातून सांडलेल्या पाण्यानेही ते फुगते. देवदारासारखे उग्र वासाचे लाकूड आणि त्याचा भुसाही नको. त्यातली तेले बंद पेटीत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या श्वसनाला त्रास देतात.

मरीन प्लाय वाळवीविरोधी रसायनांनी भरलेला असतो, म्हणून आतून तो झाकावाच लागतो. आपल्याकडचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आतल्या सर्व बाजूंना सनमायका आणि प्रत्येक कोपऱ्यात सिलिकॉनची रेघ. पुसायला सोपे, पाणी मुरत नाही आणि कोणत्याही सुताराच्या हातचे काम आहे. पाण्यात मिसळणारे पॉलियुरेथेनही चालते. सिलिकॉन बुरशीनाशक मिसळलेले नसावे. ते वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो आणि सनमायकाच्या चिकटद्रव्याचाही वास राहतो. पेटी दोन-तीन आठवडे उघडी ठेवून वास पूर्ण गेल्यावरच प्राणी आत सोडावा. घाई नडते ती नेमकी इथेच, कारण प्राणी बहुतेकदा पेटीच्या आधीच घरी आलेला असतो.

हवेसाठी चपलांच्या कपाटाला बसवतात त्या गोल जाळ्या पुरतात. एका बाजूला खाली आणि विरुद्ध बाजूला वर बसवल्या की हवा आरपार खेळते. कुलपासाठी दुकानांच्या शोकेसला असते ते दातेरी पट्टीचे कुलूप लावावे. दोन सरकत्या काचा एकमेकींवर येतात तिथली फट तपासावी. सापाचे डोके जिथून जाते तिथून पूर्ण साप जातो. पिल्लाला त्यासाठी बोटाएवढी फटही पुरते. चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या न्हाणीघरात निघालेला निरुपद्रवी बॉल पायथन तिथल्या माणसांना निरुपद्रवी वाटत नाही.

मुंग्या हा परदेशी पुस्तकांत न सापडणारा, पण इथे हमखास येणारा त्रास. त्यावर जुन्या जाळीच्या कपाटाची युक्ती आजही चालते. पाय करून घ्यायचे आणि ते पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे.

आपल्या हवेत काय बदलते?

इंग्रजीतला बहुतेक सल्ला हिवाळ्यात हीटरने कोरड्या पडणाऱ्या घरांसाठी लिहिलेला आहे. तिथे काचेची पेटी उष्णता आणि ओलावा दोन्ही गमावते म्हणून लाकडी पेटीची शिफारस होते. मुंबई-रत्नागिरीत वर्षातला मोठा काळ खोलीचेच तापमान २७ ते ३२ अंशांत असते. तिथे उष्णता टिकवण्यापेक्षा पावसाळ्यातला कोंदटपणा घालवणे अवघड जाते. हवा साचली की सापाच्या पोटाखालच्या खवल्यांना फोड येतात, श्वासाचे आजार होतात. म्हणून कोकणपट्टीत पीव्हीसी बोर्ड आणि जाळ्यांची संख्या थोडी जास्त असे गणित ठेवावे.

नाशिक, पुणे किंवा महाबळेश्वरच्या डिसेंबरच्या रात्रीत उलटे होते. तिथे लाकूडच बरे, कारण काचेपेक्षा ते अनेक पटींनी कमी उष्णता बाहेर जाऊ देते. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हीटरचा प्रश्नच नसतो, खोली थंड ठेवण्याचा असतो. दार उघडे असो वा बंद, तेवढ्या उष्णतेत पेटीतल्या प्राण्याला वाचवणारी कोणतीही पेटी नाही. कूलर किंवा एसी असलेली आणि वीज गेली तरी इन्व्हर्टरवर पंखा चालणारी खोली निवडावी लागते. खिडकीतून थेट ऊन येणाऱ्या जागी काचेची पेटी ठेवणे तर भट्टी लावण्यासारखे आहे.

कोणती गोष्ट घरी बनवूच नये?

पेटी सुताराने बनवावी, पण उष्णतेचे नियंत्रण जुगाडावर सोडू नये. हीटिंग पॅड किंवा बल्ब थेट प्लगला जोडून ‘हात लावून बघतो’ हा प्रकार सर्वाधिक जखमांचे कारण आहे. गरम पृष्ठभागावर साप भाजेपर्यंत पडून राहतो, उठून जात नाही. आतून तापणारे नकली दगडही याच कारणासाठी टाळावेत. बल्ब किंवा सिरॅमिक हीटरभोवती तारेचा पिंजरा हवाच. बॉल पायथन वर चढून त्याला विळखा घालतो. लाकडी तळाखाली हीटिंग पॅड लावून उपयोग नसतो, लाकूड उष्णता अडवते. अशा पेटीत उष्णता वरूनच द्यावी लागते आणि सिरॅमिक हीटरला प्लास्टिकचा होल्डर चालत नाही, चिनी मातीचाच लागतो.

थर्मोस्टॅट सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी बनवलेला मिळाला तर उत्तम. तो नसेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत अंडी उबवण्याच्या यंत्रांना लावतात तसे डिजिटल थर्मोस्टॅट मिळतात. त्यांचा दोष असा, की आतला रिले कधीतरी ‘चालू’ स्थितीत चिकटतो. म्हणून हीटर मुळातच कमी वॅटचा निवडावा. थर्मोस्टॅट बिघडून तो सतत पेटला तरी पेटी जीवघेणी तापणार नाही इतका कमी. दुसरा, थोड्या वरच्या तापमानाला तोडणारा थर्मोस्टॅट मालिकेत जोडला तर आणखी चांगले. जोडणी वायरमनकडून, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबी असलेल्या लाइनवर करून घ्यावी. पाण्याचे भांडे आणि वीज एकाच पेटीत आहेत. वीजबिलाचा हिशेब सोपा आहे. ७५ वॅटचा हीटर दिवसाला १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट.

इग्वानाला याशिवाय अतिनील-बी किरण देणारी ट्यूब लागते. त्याशिवाय शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, अन्नातले कॅल्शियम वापरले जात नाही, जबडा आणि पाय वाकतात. हे किरण खिडकीच्या काचेतून येत नाहीत आणि बारीक जाळीनेही बरेच अडतात. म्हणून ट्यूब पेटीच्या आत, पिंजऱ्यामागे बसवावी. ती उजेड देत राहते पण किरण कमी होत जातात, त्यामुळे उत्पादकाच्या सूचनेनुसार, साधारण वर्षभरात ती बदलावी लागते. साधा एलईडी किंवा पिवळा बल्ब याची जागा घेत नाही.

मग घ्यावी की बनवावी?

लहान, झाडावरचा किंवा जास्त दमट हवा लागणारा प्राणी असेल तर तयार टेरॅरियम घ्यावे, त्यातली बारीक कामे सुताराला जमणार नाहीत. बॉल पायथनसाठी बनवून घेतलेली चार फुटी पेटी तयार पेटीपेक्षा स्वस्त आणि चांगली पडते, पण त्यासाठी महिनाभर थांबायची तयारी हवी. वाचलेले पैसे थर्मोस्टॅटवर घालावेत. इग्वानासाठी पर्यायच नाही, बनवावीच लागते.

पेटी कुठूनही आली तरी प्राण्याशिवाय आठवडाभर चालवून पाहावी. गरम आणि थंड टोकाला एकेक कमाल-किमान तापमापक ठेवून रोज सकाळ-संध्याकाळ आकडे लिहावेत. पेटी स्वयंपाकघरात किंवा पाच वर्षांखालील मूल झोपते त्या खोलीत नको. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर अमेरिकेने १९७५ मध्ये बंदी घातली ती मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे. भांडी धुण्याच्या सिंकमध्ये पेटीतले पाण्याचे भांडे धुऊ नये.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी सुताराला एक गोष्ट आधीच सांगावी : सांधे खिळे-डिंकाने कायमचे न जोडता बोल्ट आणि फास्टनरने जोडायचे, सिलिकॉनच्या रेघा कापून काढता येतील अशा ठेवायच्या. ११ महिन्यांचा करार संपला की सहा फुटी पेटी लिफ्टमध्ये मावत नाही. सुटे केलेले फळे मात्र जिन्यावरून उतरतात.